मिरियम मकेबा अमेरिकेत इतक्या लवकर नावारूपाला कशी आली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकाची मुलगी कॅनडात शिकते आणि तिथल्या छोट्या कार्यक्रमांतून मराठी गाणी गाते. तिला सगळे सांगतात, की नाव कमवायचं तर इंग्रजीत गा. तिच्या वाचनात दक्षिण आफ्रिकेच्या मिरियम मकेबाचं नाव आलं. परक्या देशात, परक्यांना न कळणाऱ्या भाषेत गाऊन ही बाई वर्ष-दोन वर्षांत एवढी प्रसिद्ध कशी झाली? हॅरी बेलाफाँटे या तेव्हाच्या लोकप्रिय अमेरिकन गायकासारखा पाठीराखा नसता तर झाली असती का? आणि आजच्या मुलीने यातून काय घ्यावं?

माझं आयुष्य आवाज घडवण्याच्या शिकवणीत गेलं. परदेशात राहून गाणारी बरीच मुलं माझ्याकडे शिकली आहेत, आणि मकेबाची जुनी ध्वनिमुद्रणं मी त्यांना आवर्जून ऐकवते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मकेबाचं यश झटपट वाटतं, कारण आपण तिची गोष्ट नोव्हेंबर १९५९ पासून सांगायला लागतो. त्या महिन्याच्या ३० तारखेला ती अमेरिकेत स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमात गायली आणि देशभर पोचली. तेव्हा ती २७ वर्षांची होती. पण त्याआधीची किमान पाच-सहा वर्षं ती पोटापाण्यासाठी गात होती, तेही अशा देशात जिथे काळ्या माणसाला एका गावातून दुसऱ्या गावात जायला खिशात पास लागत असे. ती अमेरिकेत उतरली तेव्हा पूर्ण घडलेली व्यावसायिक गायिका होती, हे आधी ध्यानात घ्या. बाकीचं उत्तर यावरच उभं आहे.

तिचा जन्म ४ मार्च १९३२ चा, जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतला. आई स्वाझी जमातीची, वडील खोसा जमातीचे. आई घरी बिअर गाळून विकायची. काळ्या माणसाने तसं करणं तेव्हा गुन्हा होता. त्यासाठी आईला सहा महिन्यांची कैद झाली आणि काही दिवसांची मिरियम आईबरोबर तुरुंगात राहिली. ती सहा वर्षांची असताना वडील गेले. पुढे प्रिटोरियात आजीकडे राहून ती किलनर्टनच्या मिशन शाळेत शिकली आणि तिथल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या संचात, गायली. मग लोकांच्या घरची धुणीभांडी, मुलं सांभाळणं, कोवळ्या वयात लग्न, एक मुलगी, आणि मोडलेला संसार.

कॉयरचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. आपल्याकडे गळा एकट्याने तयार होतो. साथीला तानपुरा, फार तर गुरूचा आवाज. कॉयरमध्ये पहिल्या दिवसापासून शेजारच्याचा वेगळा स्वर कानात घेऊन आपला स्वर धरून ठेवावा लागतो. मकेबाला ही सवय लहानपणीच लागली आणि ती पुढे तिला जन्मभर पुरली. १९५३-५४ च्या सुमारास मॅनहॅटन ब्रदर्स या तेव्हाच्या गाजलेल्या पुरुष गायकांच्या संचात तिला जागा मिळाली. चार पुरुषी आवाजांसमोर एकच बाईचा आवाज. १९५६ मध्ये गॅलोटोन कंपनीने बायकांचा स्कायलार्क्स हा संच उभा केला, त्यात ती मुख्य गायिका होती. त्या ध्वनिमुद्रिकांमध्ये तिचा आवाज ऐका. बाकीच्यांच्या वर चढून बसायचा प्रयत्न कुठेच नाही, तरी तो वेगळा ओळखू येतो. तो जोरामुळे वेगळा पडत नाही, शब्द ज्या क्षणी सोडते त्यामुळे पडतो. ठेक्याच्या किंचित मागे, पण नेमका.

याच काळातली एक गोष्ट तुमच्या मुलीसाठी फार महत्त्वाची आहे. मॅनहॅटन ब्रदर्सबरोबर मकेबाने मॅके दावाशेचं एक खोसा गाणं गायलं होतं, 'लाकुत्शोन इलांगा'. सूर्य मावळला, तू घरी आली नाहीस, आता मी तुला घराघरांत, इस्पितळांत, तुरुंगांत शोधत फिरेन, असा त्याचा भाव. माणूस संध्याकाळी घरी परतला नाही तर तो कुठे असेल याची त्या काळातल्या जोहान्सबर्गची ही खरीखुरी यादी आहे. अमेरिकन कंपनीला चाल आवडली, पण शब्द इंग्रजी हवे होते. मग इस्पितळं गेली, तुरुंग गेले, आणि तू किती गोड खोटं बोलतोस अशा अर्थाचं एक साधं प्रेमगीत झालं. ते १९५६ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या शंभर गाण्यांच्या यादीत गेलंही. त्या यादीत गेलेली दक्षिण आफ्रिकेतली ती पहिलीच ध्वनिमुद्रिका, असं म्हणतात. पण त्याने अमेरिकेत मकेबा कुणाला कळली का? नाही. यादीत गाणं गेलं, गायिका तिथेच राहिली. चार वर्षांनी, १९६० मध्ये, तिचा पहिला अमेरिकन अल्बम आला, त्यात तिने हेच गाणं मूळ खोसा शब्दांत गायलं. तोवर लोक तिचं नाव घेऊन तिला ऐकायला येऊ लागले होते.

परदेशाचं दार प्रत्यक्षात उघडलं ते एका चित्रपटामुळे. लिओनेल रोगोसिन हा अमेरिकन दिग्दर्शक जोहान्सबर्गमध्ये सरकारच्या नकळत वर्णभेदावरचा चित्रपट करत होता. अधिकाऱ्यांना त्याने वेगळंच काहीतरी सांगून परवानग्या मिळवल्या होत्या. त्यात एका गुत्त्यातल्या प्रसंगात मकेबा येते, दोन गाणी म्हणते, जेमतेम चार मिनिटं. १९५९ मध्ये हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि ती तिथे हजर राहिली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जोहान्सबर्गच्या रंगमंचावर 'किंग काँग' ही संगीतिका जोरात चालली होती. टॉड मात्शिकिझाचं संगीत, एका काळ्या मुष्टियोद्ध्याची खरी शोकांतिका. त्यात मकेबा गुत्त्याच्या मालकिणीच्या मुख्य भूमिकेत होती. म्हणजे व्हेनिसला गेली तेव्हा तिच्या गाठीला रेकॉर्डिंगचा, दौऱ्यांचा, नाटकाचा आणि कॅमेऱ्याचाही अनुभव होता.

व्हेनिसहून ती लंडनला गेली आणि तिथे तिची हॅरी बेलाफाँटेशी गाठ पडली. आता तुमचा दुसरा प्रश्न.

बेलाफाँटेने जे केलं ते थोडं नव्हतं आणि त्याचं श्रेय कमी करण्याची मला इच्छा नाही. अमेरिकेचा व्हिसा मिळवून देण्यात त्याचा हात होता. टीव्ही, न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा क्लब, कपडे, साथीदार, कुणाशी काय बोलायचं, या सगळ्यात त्याचं लक्ष होतं. मे १९६० मध्ये कार्नेगी हॉलच्या स्वतःच्या मैफलीत त्याने तिला पाहुणी म्हणून उभं केलं. आपला श्रोता दुसऱ्याला असा देऊन टाकणारे कलावंत फार कमी. तो नसता तर तिला अमेरिकेत पोचायलाच कदाचित कितीतरी वर्षं लागली असती.

पण व्यासपीठ मिळालेल्यांची यादी काढली तर ती लांबलचक निघेल, आणि टिकलेल्यांची हातावर मोजण्याइतकी. व्हॅनगार्ड हा लहानसा, तळघरातला क्लब. तिथे श्रोता इतका जवळ असतो, की गळ्यातली साधी चलबिचलही लपत नाही. तिथे ती खोसात गायली, झुलूत गायली, मधूनच यिडिश भाषेतलं एखादं गाणंही म्हटलं, आणि लोकांनी ते ऐकून घेतलं. केस सरळ करून घेण्याची तेव्हा काळ्या कलावंतांमध्ये सर्रास रीत होती. तिने आखूड, नैसर्गिक केस तसेच ठेवले, आणि पुढे कितीतरी जणींनी ते उचललं.

काळही अनुकूल होता, हे मान्य करायला हवं. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांचा लढा पेटला होता आणि तरुण मुलं लोकगीतं शोधून शोधून ऐकत होती. आफ्रिकेतून आलेला खरा आवाज ऐकायला कान तयार होते. हीच गायिका दहा वर्षं आधी आली असती तर बहुधा तिला रंगीबेरंगी तमाशातला एक नग म्हणून उभं केलं गेलं असतं.

आता गाण्याकडे येते. माझ्या मते खरं उत्तर इथे आहे.

तिचं अमेरिकेत सर्वांत गाजलेलं सुरुवातीचं गाणं 'कोंगकोथ्वाने'. खोसा लग्नांत म्हटलं जाणारं पारंपरिक गाणं. टकटक आवाज करणाऱ्या एका भुंग्याला त्यात वाट दाखवणारा वैदू म्हटलं आहे. शब्द मोजकेच, तेच पुन्हा पुन्हा येतात. नाव मी देवनागरीत लिहिलं खरं, पण त्यातले दोन वर्ण आपल्या लिपीत नाहीत. जीभ टाळूला घट्ट चिकटवून एकदम खाली सोडली की 'टॉक्' असा आवाज होतो. लहान मुलांना घोड्याच्या टापा करून दाखवताना आपण हाच काढतो. वाईट वाटलं की दातांमागून 'च्च्‌ च्च्‌' करतो, तोही त्याच कुळातला. आपल्याकडे हे आवाज शब्दांच्या बाहेर राहतात. खोसात ती सरळ व्यंजनं आहेत, क-ख-गसारखी.

मी वर्गात हे गाणं ऐकवलं की मुलं लगेच त्या 'टॉक्'ची नक्कल करायला लागतात. 'टॉक्' सगळ्यांना जमतो. मात्र सगळ्यांचं बिघडतं एकाच जागी: 'टॉक्'च्या आधी स्वर तुटतो. मुलं श्वास धरतात, आवाज काढतात, मग पुन्हा स्वर लावतात. ओळीत भोक पडल्यासारखं ऐकू येतं. मकेबाचं तसं होत नाही, आणि त्याला शारीरिक कारण आहे. या व्यंजनांना फुप्फुसातली हवा लागतच नाही. जिभेची मागची बाजू वर टेकलेली असते, पुढची बाजूही टेकलेली असते, दोहोंमध्ये अडकलेली चिमूटभर हवा त्या आवाजाला पुरते. म्हणजे गळा मोकळाच असतो. या गाण्याच्या नावात दुसऱ्यांदा जो 'टॉक्' येतो, त्याच्या आधी आपल्या ङ्‌सारखा अनुनासिक आहे. तिथे स्वर नाकावाटे चालू राहतो आणि त्याच्यावर तो टोला बसतो. एकाच वेळी सूर आणि ताल. हे नीट कळलं की ऐकणाऱ्याला भाषा समजावी लागत नाही. परका श्रोताही पुढच्या टोल्याची वाट बघायला लागतो.

अमेरिकन निवेदकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी याला 'क्लिक साँग' म्हणायला सुरुवात केली. मकेबा मंचावर हसतमुखाने पण स्वच्छ सांगायची, की इंग्रजांना मूळ नाव म्हणता येत नाही म्हणून ते असं म्हणतात. आणि हा घशातला काही चमत्कारिक आवाज नव्हे, माझी भाषा आहे, हेही ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग दोन-तीन वाक्यांत गाणं कशाबद्दल आहे ते सांगायची आणि गायची. त्यापलीकडे खुलासा नाही. माझ्या दृष्टीने हा तिच्या कलेचाच भाग आहे. गाण्याला हात न लावता गाण्यापर्यंतची पायरी तेवढी बांधून द्यायची. १९६७ च्या 'पाटा पाटा'मध्येही तेच आहे. ओळी खोसात, मध्ये थोडा वेळ ती इंग्रजीत बोलते, हा कुठला नाच आहे ते सांगते, आणि परत खोसात जाते. ते गाणं मूळचं स्कायलार्क्सच्या दिवसांतलं. अमेरिकेतल्या यादीत ते १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. गंमत म्हणून गायलेलं हलकंफुलकं गाणं आपली ओळख व्हावं याचं तिला अवघडच वाटत राहिलं. मला मात्र ते नाचायचं गाणं मनापासून आवडतं, आणि त्यातला तिचा ठेका शिकण्याजोगा आहे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर खोटं पडेल. परदेशात राहणं हे मकेबाने निवडलेलं नव्हतं. मार्च १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, ६९ माणसं मेली. त्याच वर्षी तिची आई गेली. अंत्यविधीसाठी घरी जायला निघाली तेव्हा कळलं, की तिचा पासपोर्ट सरकारने रद्द केला आहे. १९६३ मध्ये तिने संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी समितीपुढे साक्ष दिली. त्यावर सरकारने तिचं नागरिकत्व काढून घेतलं आणि तिच्या मुद्रिकांवर बंदी आणली. ज्या भाषेत गाऊन ती जगाला माहीत झाली, त्या भाषेच्या माणसांनाच तिचं गाणं उघडपणे ऐकता येईना. ती परत मायदेशी पाऊल ठेवू शकली १९९० मध्ये, मंडेलांच्या सुटकेनंतर. मधे तीस वर्षं गेली.

आणि प्रसिद्धीची दोरी दुसऱ्यांच्या हातात होती. १९६५ मध्ये बेलाफाँटेबरोबरचा अल्बम आला, त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी हा संगीतातला पुरस्कार मिळाला. त्यातली गाणी झुलू, स्वाहिली, सोथो अशा आफ्रिकी भाषांतली होती. मार्च १९६८ मध्ये तिने स्टोकली कारमायकेल या जहाल काळ्या नेत्याशी लग्न केलं आणि अमेरिकेतले कार्यक्रम पटापट रद्द होऊ लागले. गळा तोच होता, गाणी तीच होती. ती पतीबरोबर पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीला गेली, बरीच वर्षं तिथे राहिली, युरोपात आणि आफ्रिकेत गात राहिली, गिनीची प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रांतही बोलली. तिची एकुलती एक मुलगी बोंगी १९८५ मध्ये तिथेच वारली. इतकं होऊन तिने गाणं सोडलं नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये इटलीत कास्तेल व्होल्तुर्नो इथे, माफियाविरुद्ध लिहिणाऱ्या लेखकाच्या पाठिंब्यासाठी ती गायली आणि कार्यक्रमानंतर लगेच कोसळली. वय ७६.

पैशांचंही ऐका. दक्षिण आफ्रिकेत तिला ध्वनिमुद्रणाचे ठरावीक थोडे पैसे मिळत, रॉयल्टी नाही. आरसीए व्हिक्टर या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने तिचा करार गॅलोटोनकडून विकत घेतला तेव्हा गॅलोटोनला ४५,००० डॉलर मिळाले, आणि त्यापायी पहिल्या अमेरिकन अल्बमची रॉयल्टी तिच्या हाती आली नाही. जगभर नाव झालेल्या बाईची ही गोष्ट आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी आलापीइतक्याच गांभीर्याने करार वाचायला लावते, त्याचं कारण हेच.

मकेबा अपवाद होती का? पूर्णपणे नाही. बेनिनची अँजेलिक किजो १९८३ मध्ये मायदेशातल्या राजकीय दबावाला कंटाळून पॅरिसला आली, तिथे जाझ शिकली, दुसऱ्यांच्या बँडमध्ये गायली, आणि मग फोन व योरुबा या तिकडच्या भाषांतल्या गाण्यांवर जगभर पोचली. मकेबाला ती आपला आदर्श मानते. तिच्याही बाबतीत घरची शिदोरी आधी, परदेशातलं शिक्षण नंतर, आणि भाषा आपली.

तेव्हा तुमच्या मुलीबद्दल. इंग्रजीत गाऊ नको असं मी म्हणणार नाही; मकेबाही इंग्रजीत गायली, स्पॅनिश, पोर्तुगीज, स्वाहिलीतही गायली. पण मराठी गाणं सोडून इंग्रजीकडे वळण्याचं कारण "लोकांना कळत नाही" हे असेल, तर आधी एक तपासून बघा. तिच्या मराठी गाण्यातले उच्चार परक्या माणसाच्या कानाला धरून ठेवतात का? परदेशात वाढलेल्या आणि राहिलेल्या मुलांचे ळ आणि ण सगळ्यांत आधी सपाट होतात, च आणि ज यांच्यातला दंत्य-तालव्य फरक पुसला जातो, आणि ती मुलं स्वतःच गाणं मऊ करून टाकतात. मग ते ना मराठी वाटतं ना आणखी काही. तिला म्हणावं, एखादी ओवी किंवा लावणीतल्या चार ओळी घे, सुराशिवाय, नुसत्या ठेक्यात, व्यंजनं नीट टाकत रोज म्हण. महिनाभराने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मराठी न येणाऱ्या दोन मित्रांना ऐकव, आणि कुठल्या जागी त्यांचं लक्ष गेलं ते विचार.

दुसरं, निवेदन. गाण्याआधी पाच मिनिटं संस्कृतीवर भाषण नको. तीन वाक्यं, तीही पाठ केलेली नसावीत. तिसरं, एकटीने गाण्याबरोबर तिथल्या एखाद्या कॉयरमध्ये नाव घाल. कॅनडात जवळजवळ प्रत्येक शहरात, विद्यापीठात ते असतात. आपल्या पद्धतीने शिकलेल्या गळ्याला दुसऱ्याचा स्वर ऐकत गाण्याची सवय तिथेच लागेल, आणि तिथले वादक-गायक ओळखीचे होतील. न्यूयॉर्कमध्ये मकेबाच्या मदतीला पुढे ह्यू मासेकेला, जोनास ग्वांगवा असे दक्षिण आफ्रिकेतलेच वादक आले होते. त्यांना तिच्या गाण्याचा ठेका समजावून सांगावा लागत नव्हता. तुमच्या मुलीला ढोलकीचा ठेका कळणारा एक तरी साथीदार तिथे शोधावाच लागेल. तो मिळेपर्यंत गिटारच्या तीन कॉर्डवर लावणी बसवायची घाई नको.

ऐकायचं कुठून, तर आधी स्कायलार्क्सच्या जुन्या मुद्रिका, मग १९६० चा पहिला अल्बम, मग बेलाफाँटेबरोबरचा १९६५ चा. 'पाटा पाटा' शेवटी. कुणी ध्वनिमुद्रणासाठी कागद पुढे केले असतील तर सही करण्याआधी तीन कलमं नक्की बघा: पारंपरिक गाण्याच्या मांडणीचे हक्क कुणाच्या नावावर जातात, करार दुसऱ्या कंपनीला विकता येतो का, आणि विकला तर रॉयल्टी कोण देणार. मजकूर कळला नाही तर तिथल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा-सल्ला केंद्रात दाखवा. अशी केंद्रं बरेचदा असतात आणि फी बहुतेक लागत नाही.